दमच लागतोय म्हणून आम्ही हार्टकडे बघितलंच नाही

२०२३ ची दिवाळी. मी दरवर्षीसारखी फराळाला हात लावायला म्हणून बेळगावहून दोन दिवस आधीच माहेरी निपाणीला गेले. आई कॉटवर पाय सोडून बसलेली, मला बघून उठायला गेली तर उठवेना. पायाकडे लक्ष गेलं तेव्हा दिसलं की जोडवी बोटात रुतलीयत, म्हणजे चांदीची नुसती वरची कड चमकत होती आणि दोन्ही बाजूनं मांस वर आलेलं. साबणाचं पाणी करून, दोरा गुंडाळून एक कशीबशी काढली, दुसरी निघालीच नाही. काढताना माझा अंगठा तिच्या नडगीवर दाबला गेला होता, उचलला तर तिथं खळगा, मळलेल्या कणकेत बोट रुतवल्यासारखा, आणि तो भरून येईपर्यंत मी नुसती बघत बसले.

"काय न्हाई गं, दिवसभर पाय सोडून बसल्यावर येतंय," आई म्हणाली. आणि एवढं बोलायला तिला मधे दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.

माझी आई तेव्हा ६४ वर्षांची होती. निपाणीत तंबाखूच्या वखारीत तिनं जवळपास तीस वर्षं काढली. १९८१ ला शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी हायवे अडवून धरलेला तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसात ती वखारीत जायला लागली. ज्यांनी वखार आतून बघितली नाही त्यांना सांगते, तंबाखू कुटायची, चाळायची, काड्या वेगळ्या करायच्या, आणि चाळताना जो धुरळा उठतो तो दारं बंद असल्यानं आतच फिरत राहतो, बायका पदर नाकाला बांधून बसायच्या एवढाच काय तो बंदोबस्त. संध्याकाळी ती घरी आली की आम्हाला जवळ गेलं तरी शिंका यायच्या. तिच्या आंघोळीचं पाणी मोरीतनं तपकिरी होऊन वाहायचं, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं. घरी आल्यावर परत चूल. गॅस आमच्याकडे बराच उशिरा आला, आणि आला तरी आंघोळीचं पाणी परवा-परवापर्यंत चुलीवरच.

तर तिला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या वाटा कायमच्या आखडायचा आजार, आहे हे २०१९ लाच कळलेलं. फुंकायची टेस्ट केली होती, स्पायरोमेट्री म्हणतात ती. पंपाचं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायला लावतात, आणि जोरात सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा बाहेर आली तर वाट आखडलीय असं धरतात, आईचं ५८ आलं होतं. बिडी सिगरेट आयुष्यात ओढलेली नाही तरी. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की दमा वेगळा आणि हे वेगळं, पण घरात शब्द दमाच राहिला, आणि मला आता वाटतं की त्या शब्दानंच आमचा घात केला, कारण दमा म्हटलं की दम लागणारच, त्यात विचारण्यासारखं काय आहे.

ऑगस्टमध्ये पावसात तिची छाती भरली. पिवळा कफ, ताप, श्वासाला सुईंऽऽ सुईंऽऽ असा आवाज. पाच दिवस गावातल्याच एका दवाखान्यात ॲडमिट होती, नेब्युलायझर, अँटिबायोटिक, स्टेरॉइडच्या गोळ्या, बरी होऊन घरी आली. म्हणजे कफ गेला, ताप गेला, आवाज गेला. दम काही गेला नाही. आणि इथंच आमचं चुकलं. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा बघितलं, दोन्ही वेळेला "सीझन बदलतोय, पंप वाढवा" आणि आम्ही वाढवला. निळा पंप, म्हणजे लगेच दम मोडायचा तो, दिवसातनं सहा-सहा सात-सात वेळा, वर श्वासनळ्या मोकळ्या करायची डेरिफायलिनची गोळी, आणि मग तिची छाती धडधडायची, हात थरथरायचे, चहाची बशी धरवायची नाही. ती धडधडसुद्धा आम्ही औषधाचीच धरली. काही अंशी ती होतीही, त्या दोन्ही औषधांनी ठोके वाढतात, पण सगळी नव्हती.

त्या दिवाळीत मी तिच्याजवळ झोपले. रात्री दीडच्या सुमाराला जाग आली तर आई खिडकीचा गज धरून बसलेली. घामानं केस ओले. पंप हातात. मी पाठ चोळली, दहा-पंधरा मिनिटात तिला उतार पडला. "पडलं की कोंडतंय, बसलं की मोकळं हुतंय," म्हणाली. आणि मग हळूच, "छातीवर पाटा ठेवल्यागत वाटतंय बघ." पाटा म्हणजे आपला पाटा-वरवंट्यातला. कधीपासनं विचारलं तर गणपतीपासनं. दोन महिने ती बसून झोपत होती, उशा एकावर एक चार, आणि बाबांना तिनं सांगितलेलं की खोकला आहे म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलीच्या एका जुन्या वहीत लिहायला सुरू केलं. किती वाजता दम लागला, काय करत होती, आवाज होता का, कफ होता का, किती उशा. चारच दिवसांची ती नोंद, पण लिहिल्यावर जे दिसलं ते नुसतं बघून दिसत नव्हतं. तिचा आधीचा दम सकाळचा असायचा, कफ पडला की कमी व्हायचा, छातीतनं आवाज यायचा. हा दम रात्रीचा, आडवं पडल्यावरचा, त्यात आवाज जवळजवळ नाही, कफ नाही, आणि पंप मारून फरक पडायचा नाही, बसल्यानं पडायचा. म्हणजे दम तोच वाटत होता पण तो तोच नव्हता. कुणाच्या घरी फुप्फुसाचा पेशंट असेल तर हात जोडून सांगते, दम किती लागतोय एवढंच विचारू नका, कसा लागतोय ते विचारा, नेहमीसारखा आहे की वेगळा आहे ते त्यांनाच बरोबर कळतं, फक्त कुणी विचारत नाही.

भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. आता जायचं कुठं हा सीमाभागातल्या माणसाचा जुना प्रश्न. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५. आमच्याकडचं अर्धं गाव कोल्हापूरलाच जातं, भाषेचा त्रास नाही, नातेवाईक आहेत. पण रेशनकार्ड कर्नाटकाचं, आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकाचं कार्ड आमच्याकडे होतं, बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंत. महाराष्ट्र सरकारनं त्याच वर्षी सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं जाहीर केलेलं, दादानं ते बोलूनही दाखवलं, पण आमच्या हातात त्या घडीला होतं ते कर्नाटकाचं कार्ड आणि आईची अवस्था चौकशी करत बसण्यासारखी नव्हती. शिवाय मी बेळगावात राहते, रात्रीबेरात्री धावायला कुणी तरी हवं. तवंदी घाट ओलांडून आम्ही बेळगावच्या रस्त्याला लागलो, आई मागच्या सीटवर पुढच्या सीटला कपाळ टेकवून बसलेली, पूर्ण वाट तशीच.

बेळगावच्या छातीच्या डॉक्टरांनी स्टेथो लावायच्या आधी तिच्या मानेकडे बघितलं. मानेची शीर फुगलीय का ते बघतात असं नंतर कळलं. मग पाय दाबून बघितले, मग माझी वही मागितली, खरंच मागितली, मी ती पिशवीतनं अर्धवट बाहेर काढून परत ठेवत होते तेवढ्यात. दोन पानं वाचून म्हणाले, "हे सगळं फुप्फुसाचं नाही, ताई." लगेच ईसीजी, एक्स-रे, रक्तातनं एनटी-प्रोबीएनपी. हार्टवर ताण आला की हे रक्तात वाढतं. आईचं बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाच्या आजारात हार्टच्या उजव्या बाजूवर लोड येऊनही हे थोडंफार वाढू शकतं, म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही, इको करायचा, म्हणजे हार्टची सोनोग्राफी.

इकोच्या खोलीतला अर्धा तास मी विसरणार नाही. पडद्यामागं अंधार, आईला डाव्या कुशीवर झोपवायचं, आणि तिला तर पडता येत नाही. नर्स कन्नडमधनं "अज्जी, मलकोरी, मलकोरी" म्हणतेय, आईला कन्नड समजतं पण ती पडली की दहा सेकंदात उठून बसतेय. शेवटी बेडचं डोकं वर केलं. मशीन फिरवणाऱ्या डॉक्टर बाई छातीवर जेल लावून फिरवतायत आणि पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. त्यांनी मला समजावून सांगितलं की सीओपीडीत फुप्फुसं हवेनं जास्त फुगून राहतात आणि ती हार्टच्या पुढं येतात, हवेतनं सोनोग्राफीचं काही दिसत नाही, म्हणून अशा पेशंटचा इको अवघड जातो. मग त्यांनी प्रोब खाली घेतला, बरगड्या संपतात तिथं, पोटाच्या वरच्या खळगीत, वरच्या बाजूला तिरका दाबून धरला. आईला जरा दुखलं. आणि पडद्यावर ते दिसलं, धडधडणारं, मला त्यातलं काही कळत नव्हतं तरी एक भिंत बाकीच्यांएवढी हलत नाहीये हे मलाही कळलं. बाई काही बोलल्या नाहीत, तिथंच फोटो थांबवून मापं घेत राहिल्या.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी. एक, डाव्या बाजूचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला आत भरलेल्या रक्तातलं किती बाहेर ढकललं जातं ते, ४० टक्के. निरोगी माणसाचं ५५ च्या वर असतं. समोरच्या भिंतीची हालचाल कमी, म्हणजे तिथं रक्त कमी पोचतंय किंवा मधे कधीतरी एक झटका येऊन गेलाय. दोन, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर वाढलेलं आणि उजवी बाजू थोडी फुगलेली.

बाबांना हे कळेना. त्यांना वाटत होतं एकतर दमा असेल नाहीतर हार्ट असेल, दोन्ही कसं. डॉक्टरांनी त्यांना शेतातल्या मोटरीवरनं सांगितलं. हार्टची उजवी बाजू रक्त फुप्फुसाकडे ढकलते, आणि ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक नळ्या आखडतात. पाइपात गाळ साठला की मोटर लोड घेते तसं उजव्या बाजूचं होतं, मग पाणी मागं तुंबतं, पायाला सूज येते. आणि डाव्या बाजूचं वेगळं. धूर, धुरळा, तंबाखू आणि वय, ज्या गोष्टींनी फुप्फुस खराब होतं त्याच गोष्टींनी हार्टच्या नळ्यासुद्धा खराब होतात, शिवाय फुप्फुसाची जी आतली सूज असते तिचा परिणाम फुप्फुसापुरता राहत नाही, अंगभर होतो. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. छाती भरण्याचा असा मोठा अटॅक येऊन गेला की त्यानंतरचे काही दिवस, आठवडे हार्ट अटॅकचा धोका बराच वाढलेला असतो. म्हणजे ऑगस्ट. आम्ही तिला घरी आणून "बरी झाली" म्हणून नारळ फोडला तेव्हाच कदाचित.

त्या वेळी ईसीजी का काढला नाही हे मी खूप दिवस मनात घोळवत होते. राग होता. आता थोडा निवळलाय, कारण खरंच दोन्हीची लक्षणं एकमेकांत एवढी मिसळतात, आणि बायकांना हार्टचं दुखणं पुष्कळदा सिनेमातल्यासारखं डाव्या हातात येतही नाही, नुसता दम लागतो. पण ६४ वर्षांची बाई, सीओपीडी, छातीत जड वाटतंय म्हणतेय, तिचा ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात. एवढं मात्र मी म्हणणारच.

ॲडमिट केल्यावर लगेच अँजिओग्राफी नाही. टेबलावर आडवं पडून राहावं लागतं आणि तिला पडता येत नाही. म्हणून आधी अंगात साठलेलं पाणी काढायचं. लॅसिक्सचं इंजेक्शन, लघवी मोजायची, रोज वजन. तीन दिवसात चार किलो उतरली. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर आई एकाच उशीवर झोपलेली, तोंड थोडं उघडं, घोरत. मी डबा ठेवून तिथंच बसले. तिला उठवलं नाही.

मधल्या एका रात्रीची गोष्ट सांगायलाच पाहिजे. बोटाला लावलेल्या मशीनवर ८९-९० दिसत होतं. दादानं कोविडच्या काळात ९४ च्या खाली धोका असं ऐकलेलं डोक्यात, त्यानं ऑक्सिजनचं बटण स्वतःच फिरवून वाढवलं. आकडा ९७ झाला, आम्हाला बरं वाटलं. तासाभरानं आई गुंगल्यासारखी, हाक मारली तर हूं म्हणतेय नुसतं. सिस्टर आल्या, बटण बघितलं आणि दादाला जे झापलं ते योग्यच होतं. सीओपीडीच्या पुष्कळ पेशंटना ऑक्सिजन जास्त दिला तर अंगातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि त्यानं ग्लानी येते, त्यांचं टार्गेटच ८८ ते ९२ असतं. बेडच्या मागं पाटीवर ते लिहिलेलंही होतं, पण आम्हाला ते कशाचं हे माहीत नव्हतं. रक्त काढून बघितलं, ऑक्सिजन कमी केला, पहाटेपर्यंत आई नीट बोलायला लागली. दादा तिच्या पायाशी बसून रडला त्या रात्री.

कार्डाचं काम दादानंच केलं. इमर्जन्सीला रेफरल लागत नाही पण आई ॲडमिट झालेली दम्यासाठी आणि अँजिओप्लास्टी ठरली नंतर, म्हणून सरकारी दवाखान्याचा रेफरलचा कागद मागितला, तो निपाणीला जाऊन आणला. फॉर्म कन्नडमध्ये, शेजारच्या बेडवाल्या गोकाकच्या एका काकांनी भरून दिला, त्यांचं नाव घेत नाही पण त्यांचे उपकार आहेत.

अँजिओग्राफी मनगटातनं केली. समोरच्या मुख्य नळीत ९० टक्के ब्लॉक. तिथंच स्टेंट घातला, पाऊण तासात बाहेर. ट्रेडमिलवर चालवून आधी का नाही बघितलं असं मी विचारलेलं, तर हार्टवर लोड यायच्या आधी फुप्फुसच थांबवेल, मग त्या टेस्टचा उपयोग नाही, असं म्हणाले.

राऊंडला आलेल्या हार्टच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "आजी, तंबाखू?"

"न्हाई. मी कवा ओढली न्हाई."

"दाताला लावता?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग चादरीकडे. "सकाळची लावतो. दुपारची. आणि रातच्याला झोपताना."

मशेरी. तव्यावर भाजून केलेली, डबीतली. चार वर्षांत चार-पाच डॉक्टर झाले, प्रत्येकानं ओढता का विचारलं, आई नाही म्हणाली आणि ते खरंच होतं. लावता का हे कुणी विचारलं नाही, आणि आम्ही घरच्यांनी सांगितलं नाही कारण आम्हाला ती तंबाखू वाटतच नव्हती, ते दात घासणं होतं. आमच्याकडच्या वखारीतल्या किती बायका हेच करतात. धूर नाही म्हणून फुप्फुस वाचेल कदाचित, पण निकोटिन रक्तात जातंच, ठोके वाढतात, प्रेशर वाढतं, आणि दाताला लावायच्या, चघळायच्या तंबाखूनंही हार्टचा धोका वाढतो. ती सोडवणं हे अँजिओप्लास्टीपेक्षा अवघड गेलं. पहिले पंधरा दिवस चिडचिड, डोकं दुखणं, बाबांशी भांडण. डबी वहिनीनं माळ्यावर टाकली तर आईनं शेजारनं मागून आणली. हळूहळू रात्रीची सुटली, मग दुपारची. सकाळची सुटायला फेब्रुवारी उजाडला, शौचाला होत नाही म्हणायची त्याशिवाय.

घरी येताना गोळ्यांची पिशवी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची, लघवीची, प्रेशरची. यात दोन गोष्टी मला नव्यानं कळल्या. रक्त पातळ ठेवायच्या एका दुसऱ्या गोळीनं, टिकाग्रेलॉर म्हणतात, काही जणांना दम लागल्यासारखं होतं, म्हणून डॉक्टरांनी आईला ती टाळली. आणि प्रेशरच्या ज्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, रामिप्रिल वगैरे, त्याही टाळल्या, नाहीतर खोकला गोळीचा की छातीचा हेच कळणार नाही. हे दोन्ही आजार माहीत असलेला डॉक्टरच असा विचार करू शकतो.

खरा घोळ बिसोप्रोलॉलवरनं झाला. हार्टचे ठोके आवरायची, सव्वा मिलिग्रॅमची छोटी गोळी. गावात संपल्यावर आणायला बाबा मेडिकलमध्ये गेले तर तिथल्या माणसानं चिठ्ठी बघून सांगितलं, "दम्याच्या पेशंटला ही चालत नाही, छाती बंद होईल." बाबा घाबरले, गोळी आणलीच नाही. मला तीन दिवसांनी कळलं, तेही आईचे ठोके ११० झालेले बघून. बेळगावला फोन केला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, त्या माणसाचं पूर्ण चूक नाही, प्रोप्रॅनोलॉलसारख्या जुन्या गोळ्या हार्टबरोबर श्वासनळ्यांवरही काम करतात, त्या अशा पेशंटला द्यायच्या नसतात. पण बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल ह्या जास्त करून हार्टवरच काम करतात, सीओपीडी असला तरी हार्टला गरज असेल तर त्या द्यायच्याच, छोट्या डोसनं सुरू करून. हार्टचं काही कारण नसताना नुसत्या सीओपीडीसाठी मात्र ह्या गोळ्यांचा फायदा नाही. आणि एकदम बंद करायची नाही कधीच. मी हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून, त्यावर डॉक्टरांचा सही-शिक्का घेऊन, लॅमिनेट करून बाबांच्या खिशात दिलं. आता कुठल्याही दवाखान्यात, मेडिकलमध्ये तो कागद आधी दाखवायचा.

आणि मग बरोबर उलटं सुरू झालं. हार्ट पेशंट म्हटल्यावर भेटायला येणारं प्रत्येक जण सांगणार, पंप बंद करा, पंपानं हार्ट बंद पडतं. आईनं दोन दिवस खरंच बंद केला. अहो, फुप्फुसात हवा अडकून राहिली, ऑक्सिजन कमी पडला तर हार्टला त्याचाच जास्त त्रास. रोजचा पंप चालूच ठेवायचा, निळा फक्त अडीनडीला. डेरिफायलिन मात्र डॉक्टरांनीच काढून टाकली. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून पंप कसा घ्यायचा, नंतर चूळ कशी भरायची हे सिस्टरनी परत शिकवलं, तेव्हा कळलं की चार वर्षं आई तो अर्धा जिभेवरच मारत होती.

ऑक्सिजनचं मशीन विकत घ्यायचं दादाच्या डोक्यात होतं, पैसेही जमवलेले. डॉक्टर नको म्हणाले, तब्येत स्थिर असताना, बसल्या जागी ८८ किंवा त्याखाली राहत असेल तर ते लागतं, आणि लागलं तर दिवसाचे १५ तास तरी लावावं लागतं, मधे मधे वास घेतल्यासारखं लावून उपयोग नाही. आईचं ९१-९२ असतं. त्या पैशात गॅस गिझर आला. चूल बंद झाली, म्हणजे आईपुरती तरी.

आता घरात एक वजनकाटा आहे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. तीन दिवसात दोन किलो वाढलं तर फोन करायचा. एप्रिलमध्ये एकदा असं झालं, कारण शोधता शोधता भरलेल्या मिरच्यांची बरणी सापडली, सांडग्याबरोबर रोज दोन. मीठ म्हणजे भाजीतलं मीठ एवढंच आम्ही धरलेलं, पापड, लोणचं, खारातली मिरची ही यादीतच नव्हती. नाकानं श्वास घेऊन ओठ मुडपून, चुलीवर फुंकर मारल्यासारखा पण सावकाश सोडायचा, हा व्यायाम ती करते, रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालते. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची घेऊन झाली. मे महिन्यातल्या इकोत पंपिंग ४८ आलं. फुप्फुस आहे तसंच आहे, ते परत येणार नाही हे आम्हाला माहीत आहे, तिलाही.

मागच्या आठवड्यात वखारीतली तिची एक जुनी मैत्रीण घरी आलेली. पायरीवर बसली आणि दम घेत राहिली. म्हणाली, दमा वाढलाय गं. आईनं चहा ठेवायला सांगितलं आणि स्वतः तिच्यासमोर खाली बसून तिचं लुगडं घोट्यापर्यंत वर केलं, अंगठा दाबला, उचलला, बघितलं. मग विचारलं, "रातच्याला पडतीस का बसतीस?" काकू गप्प. "मशेरी लावतीस की न्हाई ते विचारतच न्हाई, मला ठाऊक हाय." सोमवारी दादा दोघींना घेऊन ईसीजीला गेला. ईसीजी नीट आहे, पण पायाला सूज आहे, इकोची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय. मी रजा टाकलीय.